पंपाची नाडी बघताना

गाडी गॅरेजला न टाकता तिचं दुखणं आपणच शोधायचं, असं मी रविवारी चहा पिताना ठरवलं. बायकोने फक्त विचारलं, "नक्की?" तिच्या या एका शब्दाचा खरा अर्थ 'नको' असा आहे, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला वेळेवर आठवत नाही. मी म्हणालो, "नक्की."

आमची छोटी पेट्रोलची गाडी महिनाभर चालता चालता बंद पडत होती. गतिरोधक आला, खड्डा आला, की इंजिन एकदम गप्प. पुन्हा किल्ली फिरवली की जसं काही घडलंच नाही. गॅरेजवाल्याने बॉनेटला हातही न लावता निदान केलं. "फ्युएल पंप. टाकीतलं पेट्रोल इंजिनला पोचत नाही. गाडी आठवडाभर ठेवून जा."

आठवडाभर! आणि गुरुवारी बायकोची ड्रायव्हिंगची परीक्षा, ती याच गाडीवर. शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत तिला देखरेखीची नोकरी मिळाली होती. मुलं मोठी झाल्यावर, घरातल्या कुंड्यांवर वर्षानुवर्षं जीव टाकल्यावर मिळालेली पहिली नोकरी. तिथे बस जात नाही. मालकीणबाईंनी साफ सांगितलं होतं, "लायसन्स दाखवा आणि सोमवारी रुजू व्हा. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल." तेव्हा गाडी बरी करणं ही माझी जबाबदारी होती (ती माझ्यावर कुणी टाकली नव्हती, मीच धावत जाऊन घेतली).

मोबाईलवरच्या व्हिडिओत एका दाढीवाल्याने सांगितलं की पंप मागच्या सीटखाली, टाकीत असतो. किल्ली अर्धी फिरवली की तो क्षणभर घुमतो. घुमला तर जिवंत, नाही घुमला तर गेला. मी मागच्या सीटवर पालथा पडून कान लावला. बायको पुढे.

"फिरव!"

"फिरवली."

"काही ऐकू येत नाही."

"मग सोडू?"

"अगं, फिरव ना!"

"फिरवलेलीच आहे. आता आणखी कुठे फिरवू?"

"आधी बंद कर, मग फिरव."

"मग तसं सांगा ना!"

एवढ्यात खिडकीत सासरे उगवले. ते आमच्याकडे राहायला आले होते. "जावईबापू, उलटी होतेय का?"

"नाही बाबा, पंप ऐकतोय."

पंप हा शब्द ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. "पंप म्हणजे पंप," ते म्हणाले. "याने हवा धरली असणार. आम्ही आधी एक बादली पाणी ओतायचो."

"बाबा, पेट्रोलच्या टाकीत पाणी?"

"मग पेट्रोल ओता. मी कुठे अडवलंय?"

तेवढ्यात सीटखालून घूंऽऽ असा आवाज आला. पंप जिवंत होता! पण माझं समाधान होईना. आवाज जरा खंगलेला वाटला. (निरोगी पंपाचा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, ही गोष्ट वेगळी.) म्हणून मी सीटच उपसली. खाली कंगवा निघाला, बुरशी धरलेलं बिस्कीट निघालं, आणि बायकोचं कानातलं निघालं. हे कानातलं माझ्या बहिणीच्या घरून नाहीसं झालं असं बायकोचं ठाम मत होतं, आणि त्यावरून नणंद-भावजयीत अजून मोजकंच बोलणं होतं.

बायकोने ते कानातलं तळहातावर घेऊन फुंकर मारून पुसलं. मग म्हणाली, "ताईंना फोन तुम्ही करा."

"मी? काय सांगू?"

"काहीही सांगा. तुमचीच बहीण आहे."

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पंपावरच्या गोल झाकणाकडे वळलो. पेट्रोलचा भपकारा आला. बायकोने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून अलगद काढून घेतला, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेतात तसा.

मग प्रत्यक्ष चालवून बघायचं ठरलं. मी चालवली, पहिल्याच गतिरोधकावर बंद पडली. बायकोने आपली किल्ली लावून तोच गतिरोधक जाता-येता ओलांडला, गाडीने हूं की चूं केलं नाही.

"पंपाचा तुमच्यावर राग आहे का?" तिने विचारलं.

मला एकदम उलगडा झाला. वजन! मी बसलो की गाडी उजवीकडे कलते, टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, आणि पंपाचं तोंड कोरडं पडतं. सासऱ्यांना हा सिद्धान्त फारच आवडला. तोल साधायला ते स्वतः मागे डाव्या कोपऱ्यात दाराला चिकटून बसले. मी गाडी काढली, गतिरोधक आला आणि ती बंद पडली. मागे बसवाला हॉर्नवर हात ठेवून उभा.

"माझी काही चूक नाही," सासरे म्हणाले. "मी श्वाससुद्धा घेतला नाही."

थोडक्यात, गुरुवार उजाडला तेव्हा निदान झालेलं नव्हतं. बायको रात्रभर झोपली नव्हती, हे तिने न सांगताही मला कळलं. निघताना तिने आपली किल्ली घेतली, लाल रिबीन बांधलेली. मी तिला अडवलं.

"ती डुप्लिकेट आहे. परीक्षेला मूळ न्यावी."

"अहो, किल्ली आहे ती, जन्माचा दाखला नाही!"

"असू दे. सरकारी काम आहे."

मी माझा जुडगा तिच्या हातात कोंबला. त्यात गाडीची किल्ली होती, शिवाय घराच्या, कपाटांच्या, ऑफिसच्या ड्रॉवरच्या, केव्हाच विकलेल्या सायकलच्या, आणि कशाच्या ते मलाही सांगता येणार नाही अशा पुष्कळ.

परीक्षेच्या मैदानावर मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. परीक्षा घेणारे साहेब तिच्या शेजारी बसले. पहिलं वळण झोकात गेलं. मग उंचवटा आला, आणि गाडी बंद पडली. तिने सुरू केली. पुन्हा हिसका, पुन्हा बंद. मी कुंपण घट्ट धरलं. ती रोपं, ती नोकरी, तो सोमवार, सगळं माझ्या डोळ्यांदेखत त्या उंचवट्यावर अडकून पडलं होतं.

आत ती स्टिअरिंगखाली वाकली होती. (रडतेय, मला वाटलं.) मग ती सरळ झाली आणि तिने साहेबांच्या मांडीवर काहीतरी ठेवलं. गाडी सुरू झाली, उंचवटा ओलांडला, चढावर थांबून निघाली, आणि पांढऱ्या पट्ट्यांमध्ये शहाण्यासारखी मागे जाऊन उभी राहिली. साहेब खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातात गाडीची किल्ली काढून घेतलेला माझा जुडगा होता.

"एवढं ओझं लटकवलं होतं," बायको मला म्हणाली. "हिसका बसला की किल्ली उलटी फिरते आणि गाडी बंद. पंप बिचारा ठणठणीत आहे!"

"गाडी बंद पडली की लोक हातपाय गाळतात," साहेब म्हणाले. "बाईंनी दोष शोधला. पास."

बायको हसली, तशी मी तिला कित्येक वर्षांत हसताना पाहिली नव्हती. मलाही भरून आलं. म्हटलं, पंपाने नाही तर नाही, माझ्या जुडग्याने का होईना, साहेबांवर छाप पडली!

"शिकाऊ माणसाबरोबर परवानाधारक कोण आलंय?" साहेबांनी विचारलं.

"मीच!" मी छाती काढून लायसन्स पुढे केलं.

त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. "हे संपून वर्ष उलटलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आता शिकाऊ लायसन्स काढा आणि परीक्षा द्या. आणि सराव करताना शेजारी लायसन्स असलेलं माणूस बसवा."

आम्ही दोघांनीही एकदमच बायकोकडे पाहिलं.

ती गाडीमागे जाऊन लाल 'एल'ची पाटी सोडवत होती. तिचा हात थांबला.

"मग ही राहू दे ना, अहो?" ती म्हणाली, आणि सैल झालेला कोपरा तिने अंगठ्याने दाबून पुन्हा घट्ट चिकटवला.