दार नंतर कापू

होडीच्या नव्या भिंतीला दार आधी कापायचं नाही. भिंत बसली की मग कापायचं, म्हणजे माप केसभरही चुकत नाही, हे कप्तानाचं तत्त्व होतं. तत्त्व चांगलंच होतं. फक्त कापणाऱ्याने भिंतीच्या कोणत्या बाजूला असावं, याचा त्यात उल्लेख नव्हता.

कप्तान हे गल्लीने ठेवलेलं नाव. घरामागे ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या त्याच्या फायबरच्या शिडाच्या होडीने सात वर्षांत पाणी पाहिलं ते पावसाचं, तेही आतून. डोलकाठीचा भार पेलणारी आतली आडवी भिंत भिजलेल्या बिस्किटासारखी झाली होती. ती उपटून त्याने नवं प्लायवूड उभं केलं, पुढच्या निमुळत्या खोलीत बसून कडेकडेने काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून तीन थर चढवले, ते दगड होईपर्यंत कौतुकाने पाहत बसला आणि चहाला निघाला. तेव्हा कळलं, की चहा, करवत आणि बायको, तिघंही पलीकडे आहेत.

"अहो, डोक्यावरचं झाकण उघडा ना," वायरींसाठी पाडलेल्या दोन बोटांच्या भोकातून बायको म्हणाली.

"ढकलून ढकलून खांदा गेला. जाम झालंय."

"मग मी कापते भिंत. करवत इथेच आहे."

"तिचं पातं सकाळीच मोडलं."

"आणि नवं?"

"दार नंतरच कापायचं होतं ना."

भोकातून एक नळी आली. नळीतून चहा आला. मागोमाग बातमी आली, "दादांना फोन केलाय मी."

कप्तान डोकं आपटून घेणार होता, पण भिंत नवी होती.

दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ. होडी दोघांनी मिळून घेतलेली. सात वर्षांपूर्वी थोरल्याने याच जागी जुन्या भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "ही कुजलीय." कप्तान उसळला. "तुझ्या डोळ्यांत सलते माझी हौस. पुन्हा पाय ठेवू नकोस हिच्यावर." थोरल्याने होडीवर पाय ठेवला नाही, आणि घरातही. परवा जुन्या भिंतीत पहार लोण्यात घुसावी तशी घुसली, तेव्हा कप्तानाने तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला.

छतावर जड पावलं वाजली. झाकणावर कुणीतरी धप्पकन बसलं.

"पाय ठेवलाय," वरून आवाज आला. "चालेल ना?"

"करवत आणलीस?"

"दम लागलाय. जरा बसू दे."

बसला तो बसलाच. अर्धा तास गेला, तास होत आला. रेझिनच्या वासाने कप्तानाचे डोळे चुरचुरत होते. निदान सांगायला कारण रेझिनचं होतं. समोर तोंड दिसत नसलं की खरं बोलणं सोपं जातं.

"दादा, कुजलीच होती रे. मी उगाच तोडून बोललो."

"ठाऊक होतं मला," थोरला म्हणाला. "डोलकाठीच्या तारांचे बोल्ट मीच बसवले होते. भोकं बुजवायची राहिली. पाणी तिथूनच मुरलं. त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो. टिचकी मारून सुरुवात केली, तर तू तोंड सोडलंस. म्हटलं, बरं झालं, सुटलो."

"आणि सात वर्षं?"

"सुटलो असं वाटलं, एवढंच."

कप्तान खोकल्यासारखं हसला. "काप आता बाबा."

वर खट्ट वाजलं आणि झाकण डब्यासारखं उघडलं. आभाळात थोरल्याचं डोकं दिसलं, पांढरंशुभ्र. हातात बोटभर खीळ होती.

"लाटेने झाकण उडू नये म्हणून मीच घातलेली. बाहेरून ओढली की झालं."

"मग तासभर वर कशाला बसलास?"

"उघडलं असतं, तर थांबला असतास?"

थोरल्याने हात दिला. पूर्वी एका हाताने तो कप्तानाला पोत्यासारखा वर ओढायचा. आता दोघांचे मिळून चार गुडघे वाजले आणि कप्तान वीतभरच उचलला गेला. दुसऱ्यांदा तेवढाही नाही. होडीची भिंत नवी करता आली होती. खलाशी नवे करायची सोय नव्हती. दोघेही थोडा वेळ एकमेकांच्या मनगटाकडे बघत राहिले. मग थोरला हळूहळू स्वतःच खाली उतरला.

"अहो, आलात का बाहेर?" भोकातून बायकोने विचारलं.

"नाही. दादा आत आलाय."

"बरं," ती म्हणाली. "दुसरी नळी शोधते."