तात्या भिशांचा पुलाचा अर्ज

महायुद्धानंतर निघालेली, देशोदेशींना कर्ज देणारी अमेरिकेतली ती नवी बँक आणि आशिया खंडाच्या विकासासाठी निघालेलं ते नवं मंडळ, यांच्यात आमच्या कर्जतच्या तात्या भिशांनी भांडण लावून दिलं होतं. निदान तात्यांची तशी खात्री होती. बँकेला ते कळवत, की मंडळ आमच्या नदीवर पूल बांधायला एका पायावर तयार आहे. मंडळाला कळवत, की बँकेचा इंजिनिअर निघालासुद्धा. चुरस लागल्याशिवाय कामं होत नाहीत म्हणे! हे सगळं इंग्रजीत लिहायचं पाप माझ्या माथी, कारण मी शाळामास्तर, आणि वर शेजारी.

तात्या रेल्वेतले निवृत्त तारमास्तर. जन्मभर शब्द वाचवल्यामुळे बोलणंही तारेसारखंच. "चहा. कमी साखर. तातडीने." पण विकासाचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही. पेपरात छापून येई ते बँकेचं म्हणणं, आधी उत्पन्न दाखवा, मग पूल. मंडळाचं म्हणणं, आधी साऱ्या मुलखाची योजना करा, मग पूल. तात्या सोमवारी बँकेच्या बाजूने, मंगळवारी मंडळाच्या, आणि दोन्ही दिवस चिडायचे माझ्यावरच.

दर दिवाळीनंतर गावकरी लाकडाचा साकव घालत आणि पावसाळ्यात नदी तो घेऊन जाई. पलीकडचा धर्मा शेतकरी एकदा म्हणाला, "तात्या, अमेरिका ऱ्हाऊ द्या. आमी धोंडं वाहतो, तुमी चुना आना." तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हे ग्रामोद्योगी मत झालं, आपण त्या मताचे नव्हेत, असं त्याला समजावून परत पाठवलं.

मला हसू यायचं, पण खटाटोप कशासाठी तेही ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक कुसुम नदीपलीकडे दिलेली. घरात बायको राहिली नव्हती. नागपंचमीला गावच्या साऱ्या पोरी माहेरी यायच्या, कुसुम मात्र पलीकडच्या काठावर उभी राहायची आणि तात्या अलीकडे. पुराच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, तरी दोघं तासभर बोलत. काय म्हणाली, विचारलं तर तात्या म्हणत, "सर्व कुशल." मला फार वाईट वाटायचं.

शेवटी बँकेचं उत्तर आलं. अर्ज सरकारमार्फत करावा, सोबत प्रश्नांची छापील यादी जोडली आहे. तात्या हरखले. सकाळीच आम्ही उत्तरं लिहायला बसलो. एक प्रश्न होता, पुलामुळे मुलखाच्या उत्पन्नात काय भर पडेल? मी म्हटलं, भाताच्या गाड्या लिहू, गवत लिहू, कोळसा लिहू.

तात्यांनी माझा टाक अडवला.

"खोटं नको, मास्तर," ते म्हणाले. "लिहा, नागपंचमीला पोर घरी येऊन जेवेल."

उत्पन्नाच्या रकान्यात मी तेवढंच लिहिलं.