डाउट काउंटरवर आलेली उदासी

लातूरच्या आमच्या नीटच्या क्लासमध्ये विद्यार्थ्याला कुणाशी बोलायचं असेल तर एकच अधिकृत जागा आहे, डाउट काउंटर. तिथे टोकन घ्यायचं, त्यावर विषय लिहायचा आणि रांगेत उभं राहायचं. मी या काउंटरचा प्रमुख. गेल्या डिसेंबरात उदगीरच्या दुकानदार विरूपाक्षप्पांची मुलगी शिवानी कोरं टोकन घेऊन माझ्यासमोर आली.

"सर, जेवण जात न्हाई, झोप लागत न्हाई. सारखं रडू येतंय. दीड महिना झाला."

"ते ठीक आहे. विषय कोणता?"

तिने कोरं टोकनच पुढे केलं. अभ्यासक्रमाबाहेरचा डाउट आणणं खरं तर शिस्तभंगच, पण मी मनाचा मोठा. तिला जीवशास्त्राच्या मालविका मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी मान वर न करता निदान केलं. "मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालंय. पण ते रसायन आहे. रसायनं अमरनाथ सरांकडे." अमरनाथ सर म्हणाले, "बाटलीतलं असतं तर माझं. कवटीतलं सगळं मॅडमचं." एवढ्यात मुलीचं वजन चार किलो उतरल्याचं उघड झालं आणि फाईल भौतिकशास्त्राकडे गेली. लातूरच्या गुरुत्वाकर्षणात बदल आढळला नसल्याच्या शेऱ्यासह ती परत आली.

अखेर संचालक माधवरावांनी चौकशी समिती नेमली. समितीला काम करण्याची एकच पद्धत ठाऊक होती. तिने प्रश्न काढला : 'शिवानी उदास का आहे? अ) सेरोटोनिन ब) डोपामाइन क) मोबाइल ड) यांपैकी नाही.' चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. दोन हजार मुलांनी तो सोडवला. शिवानीनेही सोडवला. तिचं उत्तर चुकलं.

पण मॅडम 'अ'वर ठाम आणि सर 'ब'वर. उत्तरतालिकाच वादात सापडल्यामुळे मनोविकारतज्ज्ञ डॉ. यज्ञेश यांचं मत मागवलं. मुलीची टेस्ट चालू असल्याने तिला न पाहताच उत्तर कळवावं, अशी नम्र विनंती केली होती.

डॉक्टर फोनवर वैतागले. "मेंदूतली रसायनं हा त्यातला एक भाग. झोप, भीती, एकटेपण, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. एकच पर्याय कसा सांगू? आधी पोरीला घेऊन या हो!"

एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असतील तर नियम स्पष्ट आहे. आम्ही प्रश्न रद्द केला आणि दोन हजार मुलांना बोनस म्हणून चार-चार गुण दिले. शिवानीलाही दिले. अशा रीतीने तिची तक्रार निकाली निघाली.

दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांच्या मतासह हा निकाल घरी कळताच, तिची आई रत्नम्मा थेट वर्गात शिरली. "अव्वा," एवढंच म्हणून शिवानी तिच्या गळ्यात पडली.

"रविवारी हिची टेस्ट आहे," मी बजावलं.

"असू द्या की! भूकंपाच्या साली मी हिच्याएवढी होते. चार महिने अशीच पडून होते. सरकारी माणसं पडकी घरं मोजत होती, मला कुणी इचारलं न्हाई. लई वाईट असतंय ते. चल गं, त्या डॉक्टरकडं जाऊ."

आणि तिला घेऊन गेली. परवानगीचा अर्जसुद्धा केला नाही.

ही हकिकत मी तेव्हापासून बऱ्याच पालकांना सांगितली. सगळे मन लावून ऐकतात आणि शेवटी विचारतात, "मग नीटला किती पडले?" ती परीक्षेला बसलीच नाही म्हटलं, की त्यांच्या तोंडून कळवळून "अरेरे" निघतं. पोरगी दीड महिना उपाशी रडत होती, तिथे कुणीच "अरेरे" म्हणत नाही. तुम्ही कुठे म्हणालात?