दुसऱ्यांच्या लग्नातले मेश्रामभाऊ

मेश्रामभाऊ माणसाला ओळखतात ते त्यानं तीस वर्षांपूर्वी पंगतीत काय केलं त्यावरून. परवा बडा फुहाऱ्याच्या चौकात त्यांनी एका रिटायर्ड साहेबांना अडवलं. "काय जी, पुतणीच्या लग्नात चार वेळा श्रीखंड घेतलं, अन् कॅमेरा आला की पोट आत घेऊन राहिले!" साहेब पार ओशाळले. गंमत म्हणजे मेश्रामभाऊ त्या लग्नाला गेलेच नव्हते.

नव्वदच्या सुमारास नेपियर टाउनमध्ये त्यांची व्हिडिओ लायब्ररी जोरात होती. आता त्याच दुकानात ते लोकांच्या जुन्या कॅसेटा पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. दुसरा कोणी मशीन लावून चहाला गेला असता. हे स्टुलावर बसून अख्खं लग्न पाहतात, अक्षतांपासून पाठवणीपर्यंत. "दुसऱ्याच्या लग्नात एवढा काय रस?" असं मी चिडवलं की ठरलेलं उत्तर, "देखना पड़ता है, भैया."

लग्नसराईत लायब्ररी बंद ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून दोघांच्या वतीनं त्यांची बायको, सुनंदावहिनी, एकट्याच सगळीकडे जायच्या. वहिनी वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात मी आईला घेऊन माझ्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट द्यायला गेलो. आईला तिथंच बसून पाहायची होती. पंगत सुरू झाली आणि मेश्रामभाऊंनी एकदम चित्र थांबवलं.

"ही पाहा. आमची."

कॅमेऱ्याच्या लाइटनं डोळे बारीक केलेल्या वहिनी आईच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. जेमतेम चार सेकंद.

"आमच्याही लग्नाची एक कॅसेट होती," ते म्हणाले. "एकदा कोऱ्या कॅसेटा संपल्या. गिऱ्हाईक दारात उभं. मी तिच्यावरच नवं पिक्चर उतरवलं. सुनंदा दोन दिवस बोलली नाही. मग म्हणे, कॅसेट काहून पाहिजे? मी समोर आहे न."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा करत होतो.

त्यांनी आवाज वाढवला. नुसता बँड. "सतरा लग्नांत सापडली, ताई. सगळीकडे बँडच वाजून राहिला. आवाज कुठंच नाही. तुम्हाला आठवते का, काय म्हणून राहिली ती?"

आईला सकाळी घेतलेली गोळी दुपारी आठवत नाही. ती पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणून राहिली, ह्यांच्या डब्यात दोन जिलब्या जास्त टाका. ह्यांना लई आवडते."

मेश्रामभाऊंनी बँडचा आवाज बंद केला.

"मले जिलबी कधीच आवडली नाही, ताई."

आईचा चेहरा उतरला. मी उठायला लागलो. तेवढ्यात त्यांनी स्टूल आईजवळ ओढलं आणि हळूच म्हणाले, "पण पुन्हा एकदा सांगा न. काय म्हणून राहिली होती?"