नंबर नसलेला घोडा

एका जंगलात, बाळांनो, घोडा कुणी म्हणजे कुणीच पाहिला नव्हता. त्यामुळे त्या जंगलात घोड्यांचं फार वेड होतं.

हे वेड लावलं चिंतोपंत नावाच्या सुतारपक्ष्यानं. पंत तेवढे एकदा उडत उडत डोंगरापलीकडे गेले होते. तिथं त्यांना खाली एक घोडा दिसला. वरून दिसला, म्हणून पाठ त्यांच्या नीट लक्षात राहिली. पाय त्यांनी अंदाजानं धरले. परत आल्यावर त्यांनी सागाच्या ढलपीतून वीतभर उंचीचा घोडा कोरला आणि फांदीवर मांडून ठेवला.

चार दिवस त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी पंत म्हणाले, "असे फक्त पंचवीस नग निघणार. पंचविसावा झाला की साचा मोडणार."

पंत चोचीनं कोरत. साचा नव्हताच. पण तो मोडणार हे ऐकून जंगलात अशी पळापळ झाली की दुपारपर्यंत पंचवीसही घोडे संपले.

त्यातला एक दगडोजीनं आणला.

दगडोजी म्हणजे नदीकाठच्या गुहेतलं अस्वल. अंगानं धिप्पाड, मनानं भाबडा. मधाची एक पोळी देऊन त्यानं घोडा घेतला आणि धावत घरी आला. "चांगुणे, बघ तुझ्यासाठी काय आणलंय!"

चांगुणा त्याची बायको. तिनं घोडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि खळखळून हसली. "अहो, किती गोड आहे हा! ह्याला मी चुलीपाशी ठेवते."

"नको नको," दगडोजी म्हणाला. "धूर लागेल."

"मग उशाशी ठेवते."

"कूस बदलताना मोडेल. असं कर, तू त्याला हातच लावू नकोस."

बाळांनो, बायकोसाठी आणलेली वस्तू नवऱ्याची कशी होते, ते तुम्ही मोठे झालात की कळेल.

पुढं पंतांची चोच थांबलीच नाही. उधळलेला घोडा आला. पाणी पिणारा घोडा आला. त्यानंतर पाणी न पिणारा आला, तो जास्त महाग होता. प्रत्येकाच्या डाव्या खुराखाली नंबर आणि प्रत्येकाला सालीचा खोका. खोका उघडला की किंमत उतरते, असं मंडळाचं म्हणणं होतं. म्हणून बरेच जण घोडा न बघताच घोड्यावर प्रेम करत.

मंडळ म्हणजे अश्वप्रेमी मंडळ. त्याचे अध्यक्ष काटेसाहेब नावाचे साळिंदर. त्यांच्या शेजारी कुणालाच बसवत नसे, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना वेगळं आसन दिलं होतं.

दोन वर्षांत दगडोजीकडे तेवीस घोडे झाले. गुहेच्या तिन्ही भिंतींना फळ्या लागल्या. मग जमिनीवर खोके आले. चांगुणेचं अंथरूण आधी कोपऱ्यात गेलं, मग दारात आणि शेवटी दाराबाहेरच्या कातळावर.

"अहो, माझी पाठ धरते हो इथं," ती म्हणायची.

"थोडे दिवस काढ. संच पुरा होऊ दे."

घरातला मधही घोड्यांपायी गेला. चांगुणा वाळवीवर दिवस काढू लागली. अस्वलाला वाळवी चालते, पण वाळवीनं कुणाचं तोंड गोड होत नाही.

आणि एका दुपारी त्या जंगलात खरोखरचा घोडा आला.

लंगडत आला. पाठीवर खोगिराचे घट्टे, कानाची एक कड फाटलेली, रंग धुळीचा. नाव मात्र बादशहा. डोंगरापलीकडच्या गावात त्यानं अकरा वर्षं टांगा ओढला होता. पाय दुखावला तसा मालकानं त्याला सोडून दिलं.

चांगुणा कातळावर बसली होती. बादशहा तिच्यापाशी येऊन थांबला.

"बाई, जरा सावलीला उभा राहू का? पाय टेकवत नाही."

"उभे कशाला राहता, बसा की," चांगुणा म्हणाली. "पण तुम्ही कोण?"

"मी घोडा."

चांगुणेनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग गुहेकडे तोंड करून तिनं हाक मारली, "अहो! बाहेर या! घोडा आलाय!"

आतून आवाज आला, "कितवा नंबर?"

दगडोजी बाहेर आला आणि जागच्या जागी थबकला. केवढा मोठा हा! आणि नाकातून गरम वाफ येतेय! बादशहानं मान पुढं करून आपलं मऊ नाक त्याच्या खांद्याला लावलं. तेवीस घोड्यांपैकी एकानंही आजवर असं काही केलं नव्हतं.  दगडोजीला वाटलं, ह्याला मिठी मारावी. चांगुणेला जवळ बोलवावं आणि तिघांनी नदीवर जावं.

पण तो जाणता संग्राहक होता. त्यानं स्वतःला सावरलं आणि विचारलं, "तुझा खोका कुठंय?"

"कसला खोका?"

"ज्यातून आलास तो."

"मी आईच्या पोटातून आलो," बादशहा म्हणाला.

दगडोजीचा चेहरा पडला. "म्हणजे खोका फेकला."

प्रकरण मंडळाकडे गेलं. संध्याकाळच्या आत सगळे जमले. काटेसाहेबांनी बादशहाला चारी बाजूंनी तपासलं. डावा खूर उचलायला लावला. तोच दुखरा होता. बादशहा कळवळला, पण त्यानं उचलला.

"नंबर नाही," काटेसाहेब म्हणाले.

"नंबर नाही," मंडळ म्हणालं.

"कान फाटका. मान प्रमाणाबाहेर लांब. पाय तर पार चुकलेत, असल घोड्याचे पाय आखूड असतात. शिवाय हा हलतो."

"माशा बसतात, साहेब," बादशहा म्हणाला.

"असल घोड्यावर माशा बसत नाहीत."

चांगुणेला राहवलं नाही. "अहो, पण पंतांनी खरा घोडा पाहिलाय ना? त्यांनाच विचारा."

सगळ्यांनी वर पाहिलं. पंत फांदीवर होते. त्यांनी बादशहाकडे पाहिलं आणि बादशहानं त्यांच्याकडे. पंतांनी त्याला ओळखलं. पाठ ओळखीची होती. पण फांदीखाली पुढच्या घोड्यांचे तीस खोके तयार होते.

पंतांनी घसा साफ केला. "काम बरं आहे," ते म्हणाले. "पण माझं नव्हे."

झालं. निकाल लागला. नक्कल, दर्जा ब. मंडळाच्या हद्दीत ठेवू नये.

दगडोजीनं बादशहाला गुहेपासून हटवलं. वाईट वाटत होतं त्याला, नाही असं नाही. तो म्हणाला, "राग मानू नकोस. तू प्राणी म्हणून चांगलाच आहेस. घोडा म्हणून जमला नाहीस, एवढंच."

बादशहा वीस पावलांवरच्या जांभळीखाली जाऊन बसला. ती हद्दीबाहेर होती. चांगुणा रोज तिथं जाऊ लागली. पाला वाटून त्याच्या खुरावर बांधायची आणि पानाच्या द्रोणातून त्याला पाणी द्यायची. तो तिला टांग्याच्या गोष्टी सांगायचा. एकदा एका नवरदेवाला उशीर झाला म्हणून त्यानं टांगा असा पळवला की नवरदेव वेळेवर पोचला आणि मुंडावळ्या वाटेतच राहिल्या. चांगुणा हसून हसून लोळली. गुहेत दगडोजीला तिचं हसणं ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी ऐकलं, असं त्याच्या मनात आलं. पण तो फळ्या पुसत होता.

पंधरा दिवसांत खूर बरा झाला. त्याच दिवशी पंतांनी चोविसावा घोडा काढला. "निद्रिस्त श्वेताश्व", नग फक्त सात. दगडोजीचा संच त्यावर अडला होता. मध तर उरला नव्हता. मग त्यानं काय केलं? कातळामागच्या ऐनाच्या झाडावर नुकतंच मधमाश्यांचं मोठं मोहोळ लागलं होतं. ते झाड चांगुणेच्या माहेरचं आंदण. दगडोजीनं झाडच मोहोळासकट देऊन टाकलं आणि खोका छातीशी धरून घरी आला.

चांगुणेनं ना आरडाओरडा केला, ना कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "मी जाते."

"कुठं?"

"धाकट्या बहिणीकडे. पठारावर. तिच्याकडे अंग टाकायला जागा आहे."

"एवढ्या लांब चालत जाणार?"

"नाही," चांगुणा म्हणाली. "घोड्यावरून."

आणि ती निघाली. वाळवीवर राहून ती हलकी झाली होती, बादशहाला तिचं काही ओझं वाटलं नाही. वाटेतल्या प्राण्यांनी माना वळवून पाहिलं. दगडोजी दारात उभा राहिला. हाक मारावी असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण हातात खोका होता, आणि खोका सांभाळून हाक मारायला त्याला जमेना.

ते दोघं दिसेनासे झाले. दगडोजी खोका आत ठेवून आला. कातळावरचं अंथरूण गुंडाळून त्यानं तिथं एक फळी बसवली.

महिन्याभरात पंतांनी नवी मालिका जाहीर केली. "चांगुणेचं प्रस्थान". एकूण सात भाग, प्रत्येकाचे नग पाच. पहिल्या भागात घोडा आणि त्यावर बसलेली अस्वलीण. बाळांनो, दगडोजी पहाटेपासून रांगेत उभा होता. नग क्रमांक एक त्यालाच मिळाला, कारण बायको त्याची होती, असं काटेसाहेबांनी भाषणात सांगितलं. टाळ्या झाल्या.

घरी आणून दगडोजीनं, नियम मोडून, खोका उघडला. बराच वेळ तो त्या लाकडी चांगुणेकडे बघत राहिला. मग तडक काटेसाहेबांकडे गेला.

"साहेब, ही हसतेय. जाताना ती हसत नव्हती."

काटेसाहेबांनी डोळे बारीक केले. "म्हणजे चूक आहे? दगडोजीराव, नशीब काढलंत! चुकीचा नग आणखी दुर्मिळ असतो."

दगडोजीला बरं वाटलं. निदान वाटायला हवं होतं.

काही दिवसांनी दुपारच्या उन्हात टापा वाजल्या. बादशहा आला होता. आता लंगडत नव्हता. अंग तुकतुकीत, मान ताठ.

"चांगुणाताईंनी पाठवलंय," तो म्हणाला. "त्या म्हणतात, राग गेला. पठारावर मोहोळं लागलीत, जागाही पुष्कळ आहे. रिकाम्या हातानं या म्हणाल्या. बसा पाठीवर."

दगडोजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती. हाताखाली श्वास वरखाली होत होता. दगडोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं एक पाय उचललाही.

तेवढ्यात वरून पंतांचा आवाज आला, "भाग दुसरा! चांगुणा ओढा ओलांडताना! नोंदणी फक्त आज!"

दगडोजीनं पाय खाली ठेवला.

"तिला सांग," तो म्हणाला, "मी येणारच आहे. तिच्याशिवाय मला करमत नाही. फक्त ती सातही भागांत पुरी जाऊ दे."

बादशहानं थोडा वेळ वाट पाहिली. दोन घास गवत खाल्लं. दगडोजी रांगेत कितवा आहे ते एकदा पाहिलं आणि पठाराकडे निघून गेला.

तात्पर्य: खरी वस्तू दारात आली तर आधी तिचा डावा खूर उचलून पाहावा. नंबर नसेल तर तिला जीव लावू नये. आणि घरातलं माणूस सोडून जाणार असेल तर कारागिराला वेळेवर कळवावं, म्हणजे निदान चेहरा तरी बरोबर येतो.