अण्णांचा अंगठा

व्हिडिओ गेमचा जुना रिमोट पिंपरी कॅम्पातल्या दुकानात न देता घरीच दुरुस्त करायचा, असं नागसेनने चहा पिता पिता ठरवलं आणि बायको मिनल नको म्हणायच्या आत तो स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठलाही. चाकणच्या एका कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा. कारखान्यातला प्रत्येक नट त्याच्या हातून जात असे. (त्यातला एकही त्याने कधी आवळला नव्हता, पण घरी हे कुणाला माहीत नव्हतं.)

रिमोट सासऱ्यांचा, अण्णासाहेबांचा. मिनल शाळेत असताना त्यांनी तो कॅसेटवाला गेम लेकीसाठी म्हणून आणला आणि ड्यूटीवरून आल्यावर स्वतःच मोटारींची शर्यत खेळत बसले. आता पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, वाचा गेली होती. सगळी नोकरी क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्यात गेलेला माणूस पाणीसुद्धा खुणेने मागत होता. फिजिओथेरपीवाली म्हणाली, आवडीचं काहीतरी हातात द्या, अंगठा हलला तर आशा आहे. मिनलने लगेच माळ्यावरून गेम काढला. गाडी पळवायचं बटण तेवढं मेलेलं होतं.

नागसेनने रिमोट उघडला. बटणाखालचं रबर चिरलं होतं. त्याने टीव्हीच्या चांगल्या रिमोटमधलं आवाज कमी करायच्या बटणाचं रबर कापून तिथे बसवलं, त्यामुळे सासूबाईंच्या मालिकांचा आवाज कायमचा मोठा झाला. कव्हरला तडा गेला, तो फेविक्विकने बुजवला. (फेविक्विक जरा सढळ हाताने पडलं.) शेवटी एक स्क्रू उरला. तो जास्तीचाच असतो, असं त्याने घरच्यांना समजावलं.

संध्याकाळी अण्णांना उशीला टेकवून बसवलं. मिनलने रिमोट त्यांच्या हातात दिला, अंगठा बटणावर नेऊन ठेवला. पडद्यावरची लाल गाडी निघाली.

मिनलने तोंडावर हात ठेवला. सासूबाईंनी, सोजरबाईंनी, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि डोळ्याला पदर लावला. "हाललं गं बाई," त्या म्हणाल्या, "माज्या माणसाचं बोट हाललं." नातेवाइकांना फोन गेले, नागसेनला पेढे आणायला पिटाळलं. जिन्यात शेजाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली आणि त्याने ती 'त्यात काय एवढं' म्हणत दोनदा थोपटून घेतली.

तो परतला तेव्हा अण्णा खोलीत एकटेच होते. त्यांचा हात घसरून मांडीवर पडला होता, रिमोट गादीवर होता आणि गाडी पळत होती. बटण आत चिकटून बसलं होतं. नागसेनने घाईघाईने रिमोट अण्णांच्या अंगठ्याखाली सरकवला. अण्णा त्याच्याकडे बघत होते.

क्षणभर त्याला वाटलं, राहू दे. मिनल कितीतरी दिवसांनी हसली होती. पण बाहेर ती फोनवर सांगत होती, आता ह्याच हाताने त्यांना जेवायला शिकवू. म्हणजे उद्या ती बापाच्या हातात चमचा देणार, तो गळून पडणार आणि अण्णांना वाटणार, आपणच कमी पडलो. हे काही त्याला सोसेना. मिनल आत आल्यावर त्याने सांगून टाकलं.

"बटण अडकलंय. गाडी आपोआप चाललीय."

"म्हणजे अंगठा हलला नाही?"

"नाही."

तिने अण्णांचा हात अलगद उचलला. गाडी पळतच राहिली, वळणावर आपटली, पुन्हा निघाली. तो लुळा हात गालाशी धरून मिनल रडायला लागली. तिचं रडणं ऐकून सोजरबाई दारात आल्या. पेढ्यांचा पुडा कुठे लपवावा, हे नागसेनला कळेना.

तेवढ्यात अण्णांच्या घशातून घरघर आली. डाव्या हाताने त्यांनी रिमोट उचलला, उलटा केला, कव्हरवरचे फेविक्विकचे ओघळ निरखले. मग जावयाकडे बघून, सगळा जीव एकवटून ते बोलले.

"रि... जेक्ट."

मिनल रडता रडता हसली आणि पुन्हा रडली.

त्यानंतर दुसरा शब्द अजून आलेला नाही. अंगठाही तसाच आहे. मिनल रोज त्यांच्या तोंडाकडे बघत बसते, आणि ते बघवत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, पहिला शब्द जे बघून फुटला, ते रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असू द्या. तेव्हापासून नागसेन कंपनीतून आला, की हातपाय धुऊन सासऱ्यांसमोर खुर्ची टाकून बसतो.