भाऊजींचा भुईकाटा

गावातलं कुणीही पोरगं कॉलेजला निघालं, की आधी आमच्या दिगूभाऊजींच्या ओट्यावर येऊन रिकामं तोलून घेतं. किलोत नव्हे. भाऊजी एकच प्रश्न विचारतात, "तुला काय काय येत न्हाई?" पोरगं सांगेल ते जुन्या काटापावतीच्या पाठीवर उतरवून ठेवतात. तीन वर्षांनी ते पदवी घेऊन आलं, की पुन्हा तोच प्रश्न. यादी वाढली असेल तर शिकलं. घटली असेल तर, "राव, तू नुसतं डिझेल जाळून आलास."

दिगूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. दहावी नापास. घोडेगावच्या रस्त्याला एका भुईकाट्यावर कांद्याचे ट्रक आणि टोमॅटोच्या पिकअप तोलण्यात त्यांचा जन्म गेला. "आदी रिकामी गाडी, मंग भरल्याली. मधली वजाबाकी म्हंजी माल," हे त्यांचं तत्त्वज्ञान. विद्यापीठ पोरांना शेवटी एकदाच तोलतं, हा त्यांचा आक्षेप. "रिकामं वजन घेतलंच न्हाई, तर ते मार्क गाडीचे का मालाचे?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त मलाच बोचतो. कारण या घरातली पहिली बी.ए. मी. लग्न होऊन आले ती पदवीची चौकट घेऊनच. देवघराशेजारी टांगली. सासूबाई बिचाऱ्या सणावाराला तिलाही हळदकुंकू वाहायच्या, आणि मी शहाणी वाहू द्यायची. त्याच दिवसांत, नुकते काट्यावर लागलेले, मिसरूडही धड न फुटलेले भाऊजी चुलीपाशी येऊन म्हणाले, "वैनी, तुमाला काय येत न्हाई?"

मी एकवीस वर्षांच्या तोऱ्यात म्हटलं, "असं काही दिसत तरी नाही."

तव्यावर भाकरी जळत होती. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पावतीवर शून्य लिहिलं.

पुढे सगळं गाव त्यांच्याकडे तोलून घ्यायला येऊ लागलं. घाटघरचा एक पोरगा तर दोन एसट्या बदलून आला. पेढ्यांचा पहिला पुडा कुणाकडे? दहावी नापासाकडे. मी बी.ए. समोरच्या ओट्यावर वाटाणे सोलत बसलेली. मला लांबूनच, "काय काकू, बरं हाय ना?"

या सगळ्यावर कडी केली माझ्या नातीनं, सायलीनं. पुण्याला जाताना तिला दोनच गोष्टी येत नव्हत्या, पोळ्या आणि इंग्रजी बोलणं. यंदा पदवी घेऊन आली आणि धडाधडा अकरा सांगितल्या. "समोरच्याचं बोलणं मधे न तोडता ऐकता येत नाही. पुस्तकात छापलेलं खरं की खोटं ते ताडून बघता येत नाही. आज्जीशी वाद घालून जिंकता येत नाही..." अकरातून दोन गेले, माल नऊ. भाऊजींनी ती पावती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. आजवर कुणाचीच अडकवली नव्हती.

नातीवर जळणारी आजी तुम्ही पाहिली नसेल. घ्या, पाहून घ्या.

सायलीच्या ते ध्यानात आलं. म्हणाली, "आज्जी, तू पण तोलून घे की परत."

"माझं शून्य आहे बाई."

"मग तर वजा काहीच नाही. सगळा मालच."

तीन दिवस बसून मी यादी केली. चौतीस निघाल्या. दुपारी कुणी नाही असं बघून भाऊजींकडे गेले. जाऊबाई गेल्यापासून ते एकटेच असतात, मुलगा-सून पुण्याला. त्यांनी कोरी पावती घेतली, पेनाचं टोपण काढलं. "बोला वैनी."

"पोहणं. फोनवरून पैसे पाठवणं. माझं चुकलं म्हणणं."

तिसरं त्यांनी न हसता लिहिलं, आणि खाली रेघ ओढली. मी वाचत गेले. नऊ झाल्या. सायलीच्या बरोबरीला आले होते. आणखी एक सांगितली की जिंकले. तेवढ्यात मला खोडी सुचली.

"भाऊजी, सगळ्यांना तोललंत. तुम्हाला काय येत नाही?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"एकच. पोरं दुसरी पावती झाली की परत येत न्हाईत. वजन झालं, गाडी गेली. तिचं काय चुकलं? पन काम नसताना मानसाला 'ये, बस' कसं म्हनायचं, त्ये मला कधी जमलंच न्हाई, वैनी."

मी कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली. "बाकीच्या उद्या सांगते."

"का वो? लिवून आणल्यात की."

"चष्मा घरी राहिला."

चष्मा माझ्या नाकावर होता. त्यांनी तो नीट पाहिला, आणि उठून चहाचं आधण ठेवलं.